तार अजून कमी पडतेय

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेस साष्टांग हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. गेल्या सोमवारी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून खाली आलो, तेव्हा आठही अंगं जमिनीला टेकली होती. त्यातला उजवा घोटा मोडला, बाकीची सात ठीक आहेत.) तुमची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणून सांगा. इकडे सर्व कुशल आहे, म्हणजे माझं प्लास्टर वगळता, समोरच्या दंतवैद्यांकडचा प्रकार वगळता, आणि मुख्य म्हणजे तुमचा आवाज अजून ऐकू आलेला नाही, तेवढं वगळता.

पत्र लांबणार आहे. महिनाभर पलंगावरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि मोकळेपणाने लिहायला हरकतही नाही, कारण ही ते वाचणार नाही. मी चिकटवलेली पाकिटं वाटेतच उघडतात, म्हणून डिंक लावून पेटीत टाकायचं काम तिच्याकडे असतं. पण तुमच्या नावाच्या कागदाकडे ती ढुंकूनही बघत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमची नऊ पत्रं कपाटाच्या वरच्या फळीवर न उघडता पडून आहेत. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही आला नाहीत, हे तिच्या मनातून जात नाही. चार वर्षं झाली. तुम्हाला रजा मिळाली नव्हती हे मी तिला किती वेळा सांगितलं, आणि ते तिला माहीतही आहे. पण ती म्हणते, ते त्याने माझ्यासमोर बसून सांगायला हवं होतं, कागदावर नाही. मग मी असा विचार केला की माणूस समोर बसत नसेल, तर निदान त्याचा आवाज तरी खोलीत आणून बसवावा. भावाचा आवाज कानावर पडल्यावर राग टिकून टिकून किती टिकेल? तुम्ही तर दर शुक्रवारी साडेचार ते पाच तिकडच्या परदेशी रेडिओ केंद्रावरून आपल्या भाषेत बातम्या वाचता, श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं देता. म्हणजे आवाज तयारच आहे. फक्त घरात जोडणी घ्यायची आहे.

आणि जोडणी म्हटल्यावर मी मागे हटतो होय? चौतीस वर्षं पाणीखात्यात नळजोडण्या तपासल्या. निवृत्त झालो त्याच महिन्यात एक जुना पण दणकट रेडिओ घेतला. त्याला स्वतःची एक ओढून लांब होणारी दांडी होती. करंगळीएवढ्या दांडीवर सातासमुद्रापलीकडचं काय येणार, म्हणून ती मी पहिल्याच दिवशी दुमडून टाकली आणि गच्चीवर वीस फूट तांब्याची तार बांधली. तिचं टोक खिडकीतून आत घेऊन रेडिओला जोडलं. शुक्रवारी साडेचारला तुमचा आकडा लावला, हिला जवळ बसवलं (ती बसली नाही, इस्त्री करत उभी राहिली) आणि कान लावला. खणखणीत आवाज आला. फक्त तो तुमचा नव्हता. तो आमच्या गावच्या केंद्रावरच्या एका बाईंचा होता, आणि त्या कापसाच्या गाद्यांबद्दल बोलत होत्या.

या बाईंना आम्ही घरात गादीवाल्या बाई म्हणतो. त्यांच्या केंद्राचा मनोरा आमच्या गच्चीपासून चार गल्ल्यांवर आहे, वर लाल दिवे लावलेला. त्यांचा स्वतःचा आकडा तुमच्यापासून कितीतरी लांब, अगदी वेगळ्या पट्ट्यावर आहे. पण तुमच्या आकड्यावर त्या, त्याच्या अलीकडे त्या, पलीकडेही त्याच. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तर सगळ्या जगात एकच बाई राहते आणि तिला आपल्या पाठीच्या कण्याची काळजी आहे, असं वाटावं. मी निष्कर्ष काढला की तुमचा दाब कमी पडतोय. पाणी कमी आलं तर नळ मोठा करतात. तार साठ फूट केली. गादीवाल्या बाई आणखी मोठ्याने बोलू लागल्या. एकशे दहा फूट केली, तेव्हा त्यांनी श्वास घेतलेलाही ऐकू यायला लागला. काहीतरी वाढत होतं एवढं नक्की.

बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला घरी आणून दाखवलं. माणूस कामाचा, पण डोकं उलटं. म्हणाला, "काका, तारेवर लांबचं येतं तसं जवळचंही येतं. हा मनोरा उशाशी उभा राहून ओरडतोय, त्याने तुमचा रेडिओ बधिर झालाय. आता पलीकडच्या गावातला माणूस कुजबुजला तर त्याला काय ऐकू येणार? तार काढून बघा." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. चौतीस वर्षांत मला असा एकही माणूस भेटला नव्हता, जो म्हणेल की जोडणी तोडा म्हणजे पाणी येईल. ही मात्र त्याच्यामागून दारापर्यंत गेली आणि पाच मिनिटं काहीतरी विचारत उभी होती. (इस्त्रीच्या वायरचं असावं. ती मध्येच ठिणग्या टाकते.)

एकशे दहानंतर आमची गच्ची संपली. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्य आहेत, त्यांच्या खिडकीशेजारी एक खिळा ठोकायची परवानगी मागायला गेलो. ते म्हणाले, जरूर ठोका, पण आलाच आहात तर तोंड उघडा. उघडलं. त्यांनी आत पाहून असा चेहरा केला की माझ्या मनात नसताना मी खुर्चीत बसलो. थोडक्यात सांगायचं तर त्यांच्या भिंतीत माझा एक खिळा गेला आणि माझ्या तोंडातून एक दाढ गेली. तार एकशे ऐंशी फूट झाली. त्या शुक्रवारी जबडा बांधून रेडिओसमोर बसलो होतो आणि गादीवाल्या बाई सांगत होत्या की दुखण्यात मऊ उशीचा फार आधार वाटतो. त्यात खोटं काही नव्हतं.

आता माझी शुक्रवारची कामाची पद्धत सांगतो, म्हणजे मी हयगय केली असं तुम्हाला वाटायला नको. साडेचारला पहिली दोन मिनिटं ऐकतो. खात्री पटते की तार अजून कमी पडतेय. मग मी तारेचं टोक रेडिओतून काढून ठेवतो, कारण चालू जोडणीवर काम करायचं नाही, आधी मुख्य झडप बंद, हे माझ्या अंगात मुरलंय. रेडिओ तसाच चालू ठेवतो आणि गच्चीवर जातो. ताण बघतो, गाठी घासतो, असेल तो तुकडा वाढवतो. झालं की गच्चीवर दोनदा पाय आपटतो. आमची खोली बरोबर खाली आहे. पाय ऐकला की हिने टोक पुन्हा जोडायचं, आणि तुमचा आवाज आला तर झाडूच्या दांड्याने छताला ठोकायचं, म्हणजे मी धावत खाली येणार. चौदा शुक्रवार झाले. झाडू तिच्या हाताशीच असतो. तिने एकदाही ठोकलेलं नाही. पाच वाजता खाली यावं, तर तार नीट जोडलेली आणि गादीवाल्या बाई चालू.

तरी प्रयत्न अगदीच वाया जात नाहीत. तुमची आठवण तिच्या मनात हलायला लागली आहे, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. एका शुक्रवारी मी खाली आलो तर ती आपणहून म्हणाली, तिकडे बर्फ फार पडला असेल का हो? एकदा म्हणाली, दादा लहानपणापासून "आणि" म्हणताना अडखळतो. मी म्हटलं, वा, किती जुनं आठवतंय तुला. दोन आठवड्यांपूर्वी तिने तुम्हाला सर्दी झाली असेल अशी शंकाही काढली. बहिणीचं मन, दुसरं काय. डोळे मात्र दर शुक्रवारी लाल होतात. इस्त्रीची वाफ तिला सोसत नाही, आणि तीच चादर ती दोनदा इस्त्री करते हेही मी पाहिलंय.

सोमवारी टाकीच्या पाइपापर्यंत तार नेऊन दोनशे दहा फूट करायची होती. केलीही. उतरताना घोट्याचं ते झालं. आता पलंग आणि रेडिओ शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे काल प्रथमच मी पूर्ण अर्धा तास, सलग, जोडलेल्या तारेवर कान लावून होतो. गादीवाल्या बाईंनी साडेचारला सुरुवात केली आणि पाच वाजून गेले तरी बोलत होत्या, तुमच्या आकड्यावर, एका शब्दाचाही खंड न पडता. आणि काय सांगू, ही चिडली. चौदा आठवडे तारेबद्दल शब्दाने बोलली नाही ती माझ्यावर ओरडली, "काढा हो ती तार, काढा ती!" तारेच्या टोकाला हात घालायला निघाली, मी तिचा हात धरला. म्हटलं, धीर धर, एवढ्यावर आलंय ते सोडायचं नाही. तर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, बरंही वाटलं. जिला तुमचं नावही नको होतं, तिला तुमचा आवाज आला नाही म्हणून रडू आलं.

लोभ वाढावा असं शेवटी लिहितात. तो आहे तेवढा पुरे, तूर्त तुमच्या प्रसारणाचा जोर वाढला तर बघा.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. जोराचं थट्टेने लिहिलेलं नाही. आमच्याकडे मोठ्या साहेबांच्या घरी पाहुणे आले की आम्ही त्या गल्लीचा दाब तासभर वाढवत असू. तुमच्या खात्यातही अशी एखादी चावी असेलच. शुक्रवारी अर्धा तास पुरे.

ता. क. आणखी एक. चावी नसेल तर राहू द्या. तुम्हीच या. वर काहीही लिहिलं असलं, तरी दोनशे दहा फुटांनंतर आता मला भीती वाटायला लागली आहे. पडायची नव्हे. या तारेने हे होणार नाही अशी. ती तुमची बहीण आहे, दादा. तिच्याकडे भांडायलासुद्धा दुसरं माहेर उरलेलं नाही.

ता. क. हे अक्षर माझं आहे. डिंक लावायला घेतलं आणि वाचलं. दादा, मी तुला अकरा शुक्रवार ऐकतेय. रेडिओवाला म्हणाला होता तेच खरं. हे तार काढून वर गेले की मी ती दुमडलेली दांडी ओढून लांब करते आणि तू येतोस, थोडा खरखरत, पण येतोस. यांनी वरून पाय आपटला तरी मी टोक जोडत नाही. पाचला दांडी दुमडून जोडते. यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर हे शेजारी बसून आवाज मोठा झाला की लहान झाला ते बोलत राहिले असते, आणि मला तो अर्धा तास एकटीला रडायला हवा होता. शिवाय निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर घरातले नळ उघडून बघायचे. गच्चीवर सुखात होते. ते पडले हा माझा दोष आहे, माझ्या मनाला तो फार लागलाय.

काल पहिल्यांदा तू आला नाहीस. त्या बाई गाद्या विकत राहिल्या आणि तू त्यांच्यामागे कुठेतरी बोलत होतास, हे मला कळत होतं. तेव्हा वाटलं, राग धरून मी चार वर्षं हेच केलं. रात्री तुझी नऊही पत्रं वाचली. बाबांचाच आवाज आलाय तुला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.

ये आता. यांचं प्लास्टर महिन्याने निघेल आणि त्याच शुक्रवारी हे वर चढतील, माझ्याच्याने ते थांबणार नाहीत. त्या दिवशी ये, साडेचार वाजून गेल्यावर, हे वर असताना. दार नुसतं लोटलेलं ठेवते. यांना सांग की तारेमुळेच आलास. ते खोटंही नाही. तू खुर्चीत नीट बसलास की मी झाडू घेईन आणि छताला ठोकीन.