बंद पेटीसाठी उचललेला नारळ

गावदेवीला स्मरून आणि कुणाच्याही धाकाशिवाय लिहिते की, मी रंभा आनंदा मढवी, वय सहासष्ट, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार पनवेल, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने नोंदवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकील कमळाकर ठोसर म्हणाले. मधली घरगुती वाक्ये काढून टाका, असेही म्हणाले. ती मी काढलेली नाहीत. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे यजमान आनंदा मढवी हयात नाहीत. मला मुलगा शैलेश, सून दिपिका, ओवे गावी दिलेली मुलगी भावना आणि भावनाची मुलगी समृद्धी एवढी माणसे आहेत. पनवेलचे राहते घर माझ्या नावावर आहे. खालचा मजला शैलेशचा. वरची खोली भावनाची. ती राहो न राहो, तिथे भाडेकरू ठेवायचा झाल्यास तिला विचारावे. माहेरी आली तर तिला पाहुणी म्हणू नये.

कलम २. पोस्टातली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी. माझ्या तेराव्याला केटरर लावू नये. वरण, भात, वालाची भाजी आणि एक गोड, बस. उरलेले अन्न टाकलेले मला वरूनही दिसेल.

कलम ३. तांब्याचा मोठा हंडा जाऊबाई कुमुद यांनी त्यांच्या मुलाच्या लग्नात नेला तो नेलाच. आता परत मागू नये. मात्र माझ्या दहाव्याला त्यांनी त्याच हंड्यातून पाणी आणावे, म्हणजे हंडा कुणाचा ते चारचौघांना दिसेल.

कलम ४. देव्हारा आणि चांदीचे टाक सून दिपिकाला द्यावेत. ती उपास करीत नाही, मंगळवारी अंडे खाते, हे मला ठाऊक आहे. तरी तिलाच. कारण पुढे येईल.

कलम ५. सासूबाईंची लोखंडी पायली आणि अधोली समृद्धीला. आता तांदूळ कुणी मापाने घेत नाही, पण मुलीने माप घरात ठेवावे. माप पालथे करून तळाला ठोकून बघता येते. मी बाजारात तेच करीत आले. भाजीवाल्याच्या तराजूची पारडी उचलून खाली चिंच चिकटवली आहे का ते बघते, म्हणून भाजीवाले मला लांबून पाहूनच पारडी पुसतात. या गोष्टीचा मला अभिमान होता.

कलम ६. वजनकाटा. हे कलम लिहायला मला सर्वात जड गेले.

सरकारने शेती घेतली त्याबदल्यात साडेबारा टक्के योजनेत कळंबोलीला मिळालेल्या भूखंडावर यजमानांनी ट्रकचा वजनकाटा बसवला. लोखंड बाजारात येणाऱ्या गाड्या तिथे वजन करतात. दोन हजार सहा साली जुना दांड्याचा काटा काढून इलेक्ट्रॉनिक बसवला. त्याची आकडे दाखवणारी पेटी एका कंपनीची, सील केलेली. बसवणाऱ्या इंजिनिअरला मी चहा देताना विचारले, "आत काय असतं हो?" तो म्हणाला, "ते आम्हालाही उघडता येत नाही, आजी. कंपनीचं गुपित असतं." मला वाटले, एवढे जपतात म्हणजे चांगलेच असणार. दर दसऱ्याला मी त्या पेटीला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. भाजीवाल्याचे पारडे पालथे करणारी मी, पेटीला नमस्कार करून घरी येत असे.

दोन हजार अकरा साली बाळू घरत नावाच्या ड्रायव्हरची गाडी आली. उरणकडचा, आमच्याच समाजातला. कारखान्यातून सळया भरून निघताना वजन एक, आणि आमच्या काट्यावर पावणेदोनशे किलो कमी. ट्रान्सपोर्टचा मालक म्हणाला, सळया वाटेत विकल्यास. बाळू म्हणाला, काटा तपासा. काटा तपासला. सरकारी माणसाने त्याच्याकडची वजने ठेवली, पेटीने बरोबर दाखवली. तरी बाळू ऐकेना. तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे गोष्ट पंचांमार्फत गावदेवीसमोर गेली. जो देवीचा नारळ उचलून सांगेल त्याचे खरे, दुसऱ्याने गप्प बसायचे.

हे बाळूनेच सुचवले होते. सगळ्यांसमोर म्हणाला, "काकीनी नारल उचलावा. काकी बोलल्या तर मी तोंड उघडनार नाय."

मी उचलला. आमचा काटा खोटा बोलत नाही, असे देवीला सांगितले. बाळूने खाली मान घातली ती मला आजही दिसते. त्याला कोणी गाडी दिली नाही. आता तो उरणला मासळीच्या धक्क्यावर बर्फ उचलतो. मला वाटायचे, चोराला देवीने बरोबर शिक्षा केली. देवापुढे दिवा लावताना असे वाटायचे, हेही लिहून ठेवते.

पुढे दिपिका सून होऊन आली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या काट्याची पावती आणून आमच्या पावतीशेजारी ठेवली, तेव्हा शैलेश त्याच्याशी भांडला आणि दिपिकाने दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. मग तिने लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक छोटा सर्किट बोर्ड आणला आणि स्वतः पेटी जुळवली. तिच्या जोडणीचा नकाशा कागदावर, आतला प्रोग्राम कागदावर, कुणीही वाचावा, चूक दाखवावी, तशीच दुसरी करून घ्यावी. मी म्हटले, "असं सगळं उघडं ठेवलं तर लोक चोरतील ना गं?"

ती म्हणाली, "चोरू दे की, आई. चोरायला आले तरी आधी वाचतील."

काट्याखालच्या त्याच तारांवर तिने आपली पेटी जोडली. रिकामी गाडी, दोन्ही आकडे सारखे. अर्धी भरलेली, सारखे. पूर्ण भरलेली आली की कंपनीची पेटी कमी दाखवी. सरकारी वजने तेवढी जड नव्हती, म्हणून तपासणीत ही खोट कधी सापडली नाही. कंपनीला कळवले तर त्यांनी नवी पेटी पाठवली, जुनी उचलून नेली, आणि आतला प्रोग्राम दाखवता येत नाही म्हणाले. ती लबाडी होती की नुसती चूक, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. पण नारळ कंपनीने उचलला नव्हता. मी उचलला होता, जे पाहिले नाही त्याच्यासाठी.

शैलेश म्हणाला, "आई, एकदा कबूल केलंस की लोक वर्षानुवर्षांच्या पावत्या घेऊन दारात येतील. झालं गेलं, नवी पेटी आहे ना आता?" त्याला पुढे करून मीही लपले.

तर वजनकाटा आणि भूखंड शैलेशला, या अटीवर की दिपिकाची उघडी पेटी कंपनीच्या पेटीशेजारी कायम राहील. तिच्यावर सरकारी शिक्का नाही, त्यामुळे पावती तिच्यावर फाडता येणार नाही. पण दोन्ही आकडे ड्रायव्हरला खिडकीतून दिसावेत, आणि नकाशा भिंतीवर लावावा. आकडे जुळले नाहीत तर गाडी सोडू नये आणि ड्रायव्हरला चोर म्हणू नये. शैलेशने हे मोडल्यास काटा दिपिकाचा. टाक तिला का, ते आता कळले असेल. जे कळत नाही ते उघडून बघणारे माणूस देव्हाऱ्यापाशी हवे.

कलम ७. <s>माझ्या मृत्यूनंतर काट्यालगतचा गाळा बाळू घरत यांस द्यावा आणि त्यांनी चोरी केलेली नव्हती असा फलक काट्यावर लावावा.</s>

वरील कलम मी खोडले आहे. त्याची हकीकत अशी. हे कलम लिहून झाल्यावर मी बाळूला निरोप पाठवून बोलावले आणि वकिलांसमोर वाचून दाखवले. मला वाटले तो रडेल किंवा शिव्या देईल. त्याने चहाही घेतला नाही. विचारले, "हे कवा वाचनार?"

वकील म्हणाले, "बाईंच्या पश्चात."

"म्हंजे काकी मरंपरत मी चोरच?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, नारल उचलला तवा तुमी जित्त्या व्हत्या ना? मंग हे पन जित्तेपनीच बोला. तुमचा गाळा मना नको."

मी लाजेने मरणाच्या आड लपत होते, हे त्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसाने एका वाक्यात दाखवले. वकिलांनी चष्मा पुसला.

घटस्थापनेच्या दिवशी गावदेवीच्या पायरीवर, तेव्हाच्या पंचांतले जे उरलेत त्यांच्यासमोर आणि सगळ्या बायकांसमोर मी सांगितले की मी खोटी शपथ घेतली आणि बाळू निर्दोष आहे. दोनदा सांगावे लागले, कारण मागच्यांना ऐकू गेले नाही. तेव्हा बायकांतली माझ्या वयाची आशालता मोठ्याने म्हणाली, "अगो रंभे, गवारीची शेंग मोडून बघतेस नि पेटी तशीच घेतलीस व्हय?" सगळे हसले. बाळूही हसला, मग लगेच तोंड फिरवले. मी हसले नाही.

शैलेश देवळात आला नाही. दुसऱ्या दिवशी फलक मात्र त्यानेच लावला, भिंतीला भोके त्याने पाडली. माझ्याशी अजून बोलत नाही. काही गिऱ्हाइके गेली, काही पावत्या घेऊन आली. ज्यांचे खरे निघेल त्यांचे भागवणे माझ्या हयातीत माझ्यावर, माझ्यानंतर काट्याच्या उत्पन्नातून.

त्यामुळे कलम ७ मध्ये मृत्यूनंतर करण्यासारखे काही उरले नाही. गाळा शैलेशकडेच राहील. बाळूला या मृत्युपत्राने काही मिळत नाही, म्हणून कायद्याने तो साक्षीदार होऊ शकतो, असे वकील म्हणाले. मी त्याला घाबरत विचारले. तो म्हणाला, "सही करतो, काकी. पन माफ केलं आसा काय समजू नका." तसे मी समजलेले नाही आणि कुणी समजू नये.

येथवरचे सर्व मी लिहिले, वाचले, आणि ते मला कबूल आहे.

(सही) रंभा आनंदा मढवी
ठिकाण: पनवेल. दिनांक १६ नोव्हेंबर २०१५.

आमच्यासमोर बाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. (सही) शोभा तांडेल, शेजारीण, राहणार पनवेल. धंदा: शिवणकाम.

२. (सही) बाळू घरत, राहणार उरण. धंदा: ड्रायव्हर.