चार बोटं माया

प्रिय वन्सं,

वयानं तू धाकटी, पण राग आला की मी तुला वन्सं म्हणते, हे तुला ठाऊक आहे. महिनाअखेर शहरातल्या कारखान्यातलं काम सोडून कायमची परत येतेस, वहिनीचं दुकान एकटीच्यानं कसं चालणार, असं लिहिलंयस. पत्र तुझ्या भावाला वाचून दाखवलं. त्यानं हूं म्हटलं आणि चष्मा पुसला.

खोटं कशाला बोलू, तू गेल्यावर दुकानाचा बोजवाराच उडाला होता. अकरा वर्षं तू कापलंस आणि मी शिवलं. कात्री हातात घ्यायची माझी छातीच नव्हती. चुकलेली शिवण उसवता येते, कापलेल्या कापडाचं काय करायचं? पहिला कोट कापला तो पोस्टमास्तरांचा. शिवणीला बोटभर माया सोडतात हे मला काय ठाऊक नव्हतं? पण भीतीपोटी सगळीकडे चार-चार बोटं सोडली. शिवल्यावर आत कापडाचा असा बोळा झाला की बिचाऱ्यांना हात खाली सोडता येईनात. तुझा भाऊ म्हणाला, एवढी माया तू माझ्यावरही कधी केली नाहीस. एरवी तोंडात मिठाची गुळणी, आणि बोलला तर हे.

त्या दिवशी मी रडले. मग एक आठवलं. मी कात्रीला घाबरते म्हणून तू मला कधी हसली नाहीस, धडे द्यायलाही बसली नाहीस. एकदा फक्त कापायच्या आधी माझी बोटं धरून स्वतःच्या मनगटावर ठेवलीस. नाडी नुसती धडधडत होती. दर वेळी असंच होतं वहिनी, म्हणालीस, आणि कापायला लागलीस. तोवर मला वाटायचं, तुला भीती नाही म्हणून जमतं. आणि तू तरी काय कमी भित्री होतीस? गिऱ्हाईक आलं की पडद्याआड. मी तुला पुढे ढकललं नाही, तुझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत शेजारी उभी राहायचे, इतकंच. आता वीस कारागिरांना कामं वाटून देतेस म्हणे.

परवा वकीलबाईंचा काळा कोट कापला. हात थरथरला, तो थरथरू दिला. आज बाईंनी घालून पाहिला आणि लगेच दुसऱ्या कोटाचं कापड दिलं.

आता खरं सांगते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं होतं, ‘लवकर ये’ एवढंच. पाकीटही चिकटवलं होतं. आठवडाभर ते मशीनच्या खणात पडून होतं. आज बाई गेल्यावर ते फाडलं आणि हे लिहायला बसले. तुझ्यावाचून घर खायला उठतं, त्यात खोटं काही नाही. पण माझ्यासाठी म्हणून काम सोडू नकोस. चार दिवस माहेरपणाला ये, पाय पसरून बस, निघताना हवं तर रड. मीही रडेन. मग तू तुझ्या कामाला जा, मी माझ्या कामाला बसते.

तुझीच,
वहिनी