रजिस्टरातलं पांढरं

९ जुलै १९९८
पावडर संपली. मशीन ज्या पांढऱ्या चकतीशी सगळं ताडून मोजतं, तिची. मागणीपत्र मे महिन्यापासून सरांच्या टेबलावर पडून, त्यांची सही झाल्याशिवाय ऑफिस हलत नाही, आणि सर गेलेत बंगळूरला. काय करणार? बाटलीचा तळ खरवडला, जुन्या चकतीचा वरचा थर काढून त्यात मिसळला, परत दाबली. दिसायला झकास. रजिस्टरात ‘चकती बदलली’ या रकान्यात ‘होय’ लिहिलं आणि सही ठोकली. ‘थोडीशी बदलली’ लिहायला रकाना नाही. शेजारचा ‘तपासले’ हा रकाना सरांचा. चार वर्षं कोराच आहे.
मशीनच्या खोलीत दिवसभर बल्ब लावून ठेवलाय, ओल धरू नये म्हणून.

२० जुलै
प्रकाश आजपासून रोज येणार. पीएच.डी.चा. गगनबावड्याकडचा पोरगा आणि विषयही तिथलाच, लाल माती. मातीवर उजेड टाकायचा, कुठल्या रंगाचा किती परत येतो ते मोजायचं, आणि त्यावरून लोह किती ते सांगायचं. एकशे बावन्न पुड्या आणल्यात, घाटाच्या पायथ्यापासून वरच्या उतारापर्यंत ओळीनं. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात गावाचं नाव. डिसेंबरात प्रबंध द्यायचाच म्हणतो. दिला तर एका कॉलेजात जागा आहे, नाहीतर ती दुसऱ्याला. शिष्यवृत्ती मार्चलाच संपलीय.
माती मोजतो असं घरी सांगितलं तर वडील म्हणाले, मोजायची कशाला, हाय तेवढी नांगर की.

१४ ऑगस्ट
पावडर नाही. चकती गेल्या महिन्यासारखीच खरवडून दाबली. ‘होय.’ सही.
प्र.च्या साठ पुड्या झाल्या. तो पुडी ठेवतो, मी आकडा वाचते. मधे इचलकरंजीचे कापडवाले तीन ठाण घेऊन आले, त्यांनाही आजच पाहिजे. एका मशीनला किती जण लोंबकळणार? सोमवारी या म्हटलं.

३ सप्टेंबर
आज डोकं फिरलं. हुपरीचे एक म्हातारे चांदीवाले आले, पैंजण रुमालात बांधून. पॉलिश केल्यावर चांदीला पिवळेपणा का येतो ते बघायचं होतं. त्यांना नीट समजावलं: ही पांढरी चकती म्हणजे शंभर, बाकी जगातलं सगळं हिच्या तुलनेत. त्यांनी चकती उचलली, खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली.
“बाई, तुमच्या शंभरालाच पिवळी झाक हाय की.”
म्हटलं, काका, डोळ्याचं काही खरं नसतं, म्हणून तर मशीन. चकती आत घालून दाखवली. १००.०
ते हसले. “तिला तिच्याशीच मोजलं व्हय?”
पैंजण मोजून दिले, पाठवले. आली मोठी परीक्षा घेणारी माणसं. पण रिक्षात बसल्यावरही तेच डोक्यात.

२६ सप्टेंबर
प्र.च्या पुड्या संपल्या. पेढे आणले होते. निकाल असा की जसजसं वर चढावं तसतसं मातीतलं लोह कमी. कुणाला असं वाटलं नव्हतं. सर खूश, एवढ्यावर स्वतंत्र पेपर होतो म्हणाले. प्र. लाजून उभा. बरं वाटलं. त्यातला एखादा आकडा आपलाही.

१० ऑक्टोबर
१४ला विहारात जायचंय म्हणून आईनं पांढरी साडी काढली. काठाचा धागा सुटला होता, चिंधी कापून टाकत होती, ती मी पर्समध्ये टाकली. दुपारी मशीन रिकामं होतं. गंमत म्हणून ठेवली. निळ्यात १०४.
शंभराच्या वर काही नसतं. साबणाच्या पावडरीत चमक आणणारं काहीतरी असतं, तेच असणार, म्हणून सोडून दिलं. आईला सांगितलं, तुझी साडी विज्ञानापेक्षा पांढरी आहे. ती म्हणाली, मग, घासलीय किती!

१६ ऑक्टोबर
पावडर आली. अखेर. सीलबंद बाटली. नवी चकती दाबली आणि जुनीच्या जागी लावायच्या आधी, का कोण जाणे, जुनीशी मोजून बघितली. लाल रंगात १००. हिरव्यात १०२. निळ्यात १०७.
हिला कुणी साबण लावलेला नाही.
परत केलं. १०७. परत. स्टुलावर बसून राहिले. कुंपणानंच शेत खाल्लं आणि कुंपणाला दर महिन्याला सही मी देत होते.

१७ ऑक्टोबर
रात्रभर हिशेब डोक्यात. चकती पिवळी, म्हणजे निळा कमी परत देणारी. तिच्याशी मोजलेली प्रत्येक माती आहे त्यापेक्षा फिकट. फिकट म्हणजे लोह कमी. आणि चकती एका दिवसात पिवळी पडलेली नाही, जुलैपासून हळूहळू पडत गेली. प्र.नं पुड्या ओळीनं मोजल्या, पायथ्यापासून सुरू करून. वरच्या उताराच्या सगळ्यात शेवटी.
म्हणजे त्यानं डोंगर मोजला की माझी चकती?
आईला सांगितलं, तिला कळेल अशा भाषेत. तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, “त्या पोराला सांगितलंस?”

१९ ऑक्टोबर
आधी सरांकडे गेले. (भित्री.) त्यांनी चष्मा काढला, पुसला. एखादा गुणक लावून आकडे दुरुस्त कर म्हणाले. पण कुठल्या दिवशी किती पिवळी होती, ते कुणाला माहीत? ते सांगितलं. मग म्हणाले,
“रजिस्टरात बदलली लिहिलंय ना? मग बदललीय.”
आवाज चढवला नाही. वाईट माणूस नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतः दवाखान्यात आले होते. मागणीपत्र त्यांच्या टेबलावर अडकलं होतं, हे दोघांनाही माहीत. निघताना म्हणाले, “रत्ना, तुझी ऑर्डर ३० नोव्हेंबरला संपते ना?”
अकरा महिन्यांची ऑर्डर. चौथी. त्यांच्या शिफारशीवर.

२१ ऑक्टोबर
सांगितलं. कँटीनच्या मागच्या पायरीवर. प्र.नं सगळं ऐकलं. मग विचारलं, किती? निळ्यात सात. शेवटच्या पुड्यांना? हो, शेवटच्यांना. त्याला लगेच कळलं, हुशार आहे. तोंडावरचा रंगच उतरला.
“ताई, तुम्हांस्नी म्हाईत हुतं?”
चकती जुनी आहे ते माहीत होतं, पिवळी पडलीय ते नव्हतं, असं म्हटलं. हे खरं आहे. पण म्हटल्यावर ते मलाच पळवाटीसारखं ऐकू आलं.
“व्हय,” म्हणाला आणि गेला. चहा तसाच.
आज स्वतःची लाज वाटते. नुसती लाज.

२८ ऑक्टोबर
प्र.चा पत्ता नाही. आठ दिवस.
रजिस्टर काढलं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही ‘होय’वर रेघ मारली. पुढे लिहिलं: ‘नाही. जुनीच खरवडून दाबली.’ खाली सही आणि आजची तारीख. रजिस्टर सरांच्या टेबलावर ठेवून आले. अक्षर बरं आलंय.

५ नोव्हेंबर
रजिस्टर परत आलं. शेरा नाही, सही नाही. सर जिन्यात भेटले, पाऊस यंदा लांबला म्हणाले. ऑर्डरचं काही कळत नाही.
आईला म्हटलं, नोकरी गेली तर? ती भाकरी थापत होती. म्हणाली, आधी जाऊ दे तर खरी.

९ नोव्हेंबर
प्रकाश आला. गगनबावड्याच्या एस.टी.तून थेट, पॅंट गुडघ्यापर्यंत लाल. एकतीस पुड्यांतली माती तपासणीत संपली होती, ती परत जाऊन आणली म्हणे. डिसेंबरला किती दिवस उरलेत ते दोघांनाही माहीत आहे.
“चकती आज दाबली?”
म्हटलं, तूच दाब. त्यानं बाटली उघडली, पावडर घेतली, काचेनं दाबली. पहिली फुटली, दुसरी जमली. खिडकीपाशी नेऊन तिरकी धरून बघितली. कुणी शिकवलं नव्हतं.
वरच्या उताराची पुडी पहिली घेतली. जुना आकडा १८.२. आजचा १७.०, उजेड कमी परत, म्हणजे लोह जास्त. त्यानं वहीत लिहिला, जुन्याच्या शेजारी. दुसरी पुडीही खाली. तिसरी मात्र जवळजवळ तशीच राहिली, का ते कळेना. संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. डोंगराचं काय ते अकरांवरून सांगता येत नाही.
मी रजिस्टरात ‘होय’ लिहिलं. सही केली. तो वाकून बघत होता. ‘तपासले’वर बोट ठेवून म्हणाला, “हितं कुणाची सही?”
सरांची, म्हटलं. पण कुणी करत नाही.
त्यानं पेन उचललं, थोडा वेळ धरलं. “आधी पुड्या हुंदेत,” म्हणाला, आणि पेन त्याच रकान्यावर ठेवून गेला.
मी ते हलवलेलं नाही. एकशे एक्केचाळीस राहिल्या.