लाल पट्टीवरील नाव

३ मार्च

मी (नाव या वहीस ठाऊक आहे), वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा पाट्या रंगविण्याचा, आता निवृत्त, आणि या इमारतीचा विद्यमान अध्यक्ष, सत्य तेच लिहितो. रविवारी निवडणूक आहे. प्रतिस्पर्धी तिसऱ्या मजल्यावरील दंतवैद्य. गोड बोलतात. लोकांची तोंडे उघडावयास लावणे हाच त्यांचा धंदा!

प्रवेशद्वारी, लिफ्टमध्ये व वाहनतळावर गेल्याच आठवड्यात पडदे बसले. त्यांवर काय दिसावे ते आमच्या सूनबाई घरी संगणकावर रचतात. सर्वत्र माझे नाव झळकते. शोभते.

४ मार्च

सूनबाईंनी आज काम दाखविले. प्रत्येक पडदा तुकड्यांचा जोडलेला. प्रत्येक तुकड्याची फाइल निराळी. "बाबा, तुकडा एकदाच लिहायचा. मग हवा त्या पडद्यावर ठेवायचा." तळाची लाल पट्टी — अध्यक्षांचे नाव, फोन आणि दाबताच त्याच फोनची घंटा वाजविणारे 'तक्रार' हे बटण — हा असाच तुकडा. सर्व पडद्यांवर तोच.

पट्टीच्या फाइलीत माझे नाव शोधले. नाही! महिरपी कंसात काही इंग्रजी खरडलेले.

"ते नाव नाही हो, नावाची जागा आहे. खरं नाव कमिटीच्या यादीतून येतं. यादीत बदललं की सगळीकडे आपोआप बदलतं."

आपोआप! आयुष्यभर पाट्या रंगविल्या. नावाच्या जागी कंस रंगवून कोणा गिऱ्हाइकाच्या हाती दिले नाहीत.

५ मार्च

सूनबाई भाजी आणावयास गेल्या. लाल पट्टीची फाइल उघडीच होती. कंस पुसले. त्या जागी माझे नाव आणि माझा फोन, एका बोटाने, पक्क्या रंगात! सूनबाई दाबतात तेच बटण दाबून जतन केले. संगणकाने हूं की चूं केले नाही. नंतरचा चहा उत्तम लागला.

९ मार्च

हरलो.

दंतवैद्यांनी सर्वांना टूथब्रश वाटले. एक मलाही — कवळीच्या मनुष्यास!

सायंकाळी सूनबाईंनी यादीतील एक ओळ बदलली आणि पडद्यांवरील बाकी सर्व जागांवरून मी असा गेलो, जणू कधी नव्हतोच. मात्र लाल पट्टीवर माझे नाव जागच्या जागी! खाली जाऊन तीन वेळा पाहून आलो.

११ मार्च

पहाटे फोन: "नळाला पाणी नाही!" न्याहारीला: "माझ्या जागेवर कोणीतरी गाडी लावलीय." दुपारी डोळा लागतो न लागतो तोच चौथ्या मजल्यावरील शिक्षिकाबाई: "वरचे लोक खुर्च्या ओढतात हो!"

म्हणालो, "मी आता अध्यक्ष नाही."

"पट्टीवर तर तुमचंच नाव आहे. काम नको होतं तर नाव कशाला लावलंत?"

मान दंतवैद्यांचा, कान माझे!

तरी पंपवाल्यास बोलाविले. गाडी हलवविली. खुर्च्यांच्या पायांस रबरी टोप्या बसवविल्या. सवय, दुसरे काय!

१३ मार्च

"बाबा, माझे कंस कोणी खाल्ले?"

"उंदराने."

"उंदराला तुमचा फोन नंबर पाठ आहे?"

सूनबाई म्हणाल्या, "मी नीट करते. पण डॉक्टरकाकांना तुम्ही सांगायचं. नाहीतर उद्या लोक माझंच काम कच्चं म्हणतील." रास्त आहे. उद्यापर्यंत मुदत मागितली. त्या गृहस्थांपुढे मान तुकवायची! त्यापेक्षा पुन्हा एकदा हरणे सोपे.

१४ मार्च

सांगावयास निघालो, तो लिफ्टमध्ये दंतवैद्यच! दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली. त्यांनी घाबऱ्याघाबऱ्या 'तक्रार' दाबले. माझा खिसा वाजला.

फोन कानास लावला. "बोला. तक्रारदाराचे नाव?"

दंतवैद्य उद्गारले, "म्हणजे तक्रारी तुमच्याकडे जातायत? आणि मी घरी मिरवतोय, मी आल्यापासून एक तक्रार नाही!" मग असे हसले, की वाटले लिफ्ट त्यानेच सुरू होईल. झाली नाही. लिफ्टवाल्यास मीच बोलाविले.

दार उघडताच समोर सूनबाई. "काय मग, कंस परत लावू?"

"नको!" — आम्ही दोघेही एकदमच.

वरील मजकूर खरा. समक्ष हजर: दंतवैद्य, अध्यक्ष म्हणून; सूनबाई, हसत; आणि मी, तक्रारींपुरता अध्यक्ष.