रूथच्या आईचा दाखला

४ एप्रिल १९९८, रुवैस
आज शाळेच्या लायब्ररीत रूथ रडली. बारा वर्षं इथे सोबत काम करतोय, पहिल्यांदाच. तिकडे व्हर्जिनियात आई अंथरुणाला खिळलीय. रूथचे लोक मोनाकन, तिथले मूळ रहिवासी. आईच्या जन्मदाखल्यावर सरकारी कारकुनाने वंशापुढचं ‘इंडियन’ खोडून ‘कलर्ड’, म्हणजे काळे, केलं होतं. लग्नाच्या कागदावरही तेच नको म्हणून बाई लग्नासाठी दुसऱ्या राज्यात गेली. आता दुरुस्ती करून देतात, पण पुरावा लागतो. तो रूथकडे आहे. डोंगरावरच्या मिशनने दिलेला बाप्तिस्म्याचा कागद, त्यात वंश ‘इंडियन’.
“शुभा, खरा दाखला हातात घेऊन तिला जायचंय.”

५ एप्रिल
रूथ कुरिअर म्हणत होती. मीच म्हटलं, वेडी का, यांच्या ऑफिसातला सावंत उद्या वॉशिंग्टनला चाललाय, हातोहात जाईल. आपण इथे आखातात सगळं असंच पाठवतो.
कागद वाचला. अक्षर तिरकं, वळणदार. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर पट्टी मारून गिरवून घेत, अगदी तसं. शाळेचा वास आला एकदम.

६ एप्रिल
सावंत पाकीट घेऊन गेला. “काकू, दोन दिवसांत तिच्या भावाला, इन्शाल्ला.” सावंतच्या तिथल्या बहिणीसाठी कैरीच्या लोणच्याची बरणीही दिली.

९ एप्रिल
बरणी बॅगेत फुटली. कागदावर तेल. वंशाची ओळ गेली. तीच.
झेरॉक्स मशीन माझ्या टेबलाला लागून आहे. सुचलं नाही. देवा, का नाही सुचलं.
हे एवढंच म्हणाले, “लोणचं कोणी मागितलं होतं?”

१० एप्रिल
रूथ रागावत नाही. रागावली असती तर...
भावाचा फोन. तीन दिवस आई जेवली नव्हती. कागद नाकाशी धरला आणि म्हणाली, “यात काय घातलंय? भूक लागली.” रूथ हसली सांगताना. मला हसता येईना.

१२ एप्रिल
तिकडच्या जन्मनोंदणी कचेरीने भावाला विचारलंय, डाग पडण्यापूर्वी कागद वाचलेलं दुसरं कोणी आहे का?
आहे. मी.

१३ एप्रिल
मदरनी शिकवलेल्या अक्षरात साक्ष लिहिली. पाच कागद फाडले. तेल माझ्यामुळे सांडलं, हेही लिहिलं. वंशापुढे काय होतं ते मी स्वतः वाचलंय.
हे म्हणाले, “अगं, तुझी साक्ष तिकडे कोण मानणार?” पण स्वतःच ऑफिसातून फॅक्स केला, दुपारी एक वाजता.
तिकडे पहाटे रूथच्या आईची शुद्ध गेली.
तिकडची कचेरी उघडायला अजून चार तास. रूथ इथेच, आमच्या सोफ्यावर. फोन दोघींच्या मध्ये ठेवलाय.