बांधाची सातवी खुंटी

६ मे १९४६, बार्शीटाकळी
सखारामजींच्या शेतात बांधाची आखणी केली. उतार फसवा. काळी माती दर पावसात नाल्यात जाते. माझ्या रेघेवर बांध घातला तर निम्मा खर्च सरकार देणार. म्हातारा कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबू, पानी तिकडं वयते. मी चाळीस पावसाये पाहून राहिलो." मी मोजणीची दुर्बीण लावलेली होती. खुंट्या ठोकून चुना टाकला. ऊन फार.

२ जून
बांध उभा. नवरा-बायकोनं मिळून माती चोपली. इतकं पक्कं काम तालुक्यात पाहिलं नाही.

१८ जुलै
पाणी अडलं! लोक पाहायला आले. अनुदानासाठी तिघांचे अर्ज. अकोल्याच्या साहेबांना कळवलं. रॉकेल अजून चिठ्ठीवरच, लढाई संपली म्हणतात तरी.

११ ऑगस्ट
बांध फुटला. त्याच कोपऱ्यात.
खाली यमुनाबाई माळिणीचे झेंडूचे वाफे गाळाखाली. दसऱ्याचं सगळं पीक. बाई कमरेवर हात ठेवून उभी. "काहून भाऊ, तुमचं सरकार माह्या वाफ्यात काहून आलं?"
सखारामजी माझ्याकडे बघत नव्हते.

१३ ऑगस्ट
एकटाच जाऊन पुन्हा मोजलं. मग वही काढली. त्या कोपऱ्यातल्या सातव्या खुंटीपुढे आठवीचाच आकडा उतरवलेला. जमीन तिथं प्रत्यक्षात हातभर खोल. अक्षर माझंच.
जेवलो नाही. सौ.नं विचारलं. डोकं दुखतं म्हटलं.

१६ ऑगस्ट, अकोला
साहेबांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला, दार लोटलं.
"माती नीट चोपली नाही, असं लिहा. एकाचं अनुदान थांबेल. आखणी चुकली म्हटलं तर तालुक्यात कोणी बांध घालणार नाही. माती वाहतच राहील."
माणूस वाईट नाही. म्हणणंही अगदीच खोटं नाही, हेच... आणि माझी नोकरी अजून कच्ची.

१९ ऑगस्ट
सखारामजींकडे गेलो. सांगून टाकलं.
"मले मालूम होतं," म्हणाले. "रेघ मारली तवाच."
"मग बोलले का नाही?"
"बोललो ना. तुमी दुर्बिणीत पाहून राहिले होते."
मग, "माहं जाऊ द्या. त्या बाईचं काय?"
दोघं फावडी घेऊन खाली गेलो. यमुनाबाईनं हात लावू दिला नाही. "ही त्यायच्या वावरातली माती. चांगली हाय. वांगे लावतो मी. पन झेंडू गेला माहा, तो कोन देते?"

२२ ऑगस्ट
अहवाल लिहिला. आखणीत चूक, माझी. काम पक्कं. अनुदान पूर्ण द्यावं. खालच्या शेताच्या नुकसानीला रकानाच नाही. कागद उलटवून मागच्या बाजूला यमुनाबाईचं लिहिलं. टपालात टाकला.
सौ.ला आज सगळं सांगितलं. म्हणाली, "माहेरी कळवू नका एवढ्यात."

३० ऑगस्ट
तिघांपैकी दोघांनी अर्ज परत घेतले. साहेब म्हणाले होते तसंच. मी बरोबर केलं की नुसतं माझं मन हलकं केलं? ठरत नाही.

८ सप्टें.
अहवालाला उत्तर नाही. सखारामजींचा निरोप, दोरी आणि खुंट्या घेऊन या. अनुदान मिळो न मिळो, बांध सांधायचा.
गेलो. यमुनाबाईही आली होती. ती पाण्याची वाट दाखवत पुढं, सखारामजी मागं, शेवटी मी दुर्बीण घेऊन. दोघं सांगत तिथं आधी खुंटी, मग मोजणी. दोनदा भांडले. एकदा दोघंही चुकले, दुर्बीण बरोबर निघाली. खुंटी हलवली.

११ सप्टें.
अकोल्याचं पत्र. दोन ओळी. साहेब सोमवारी स्वतः जागेवर येणार, अहवालाची शहानिशा करायला. बाकी काही नाही.
दुपारी शेतात जाऊन सांगितलं. सखारामजी माती चोपत होते, थांबले नाहीत.
"येऊ द्या. फक्त चिखलातले जोडे आनाले सांगा."