चाकाची आतली बाजू

ओमेशभाऊजी,

“वहिनी, टायर बाहेरून नका पाहू जी, आतून हात फिरवा,” असं काल अलाइनमेंटवाल्या भैयालालभाऊंनी मला सांगितलं. तुम्ही तेव्हा फोनवर होते. बाहेरून टायर नवाकोरा, आणि आत हात घातला तर रबर झिजून उघडी पडलेली तार बोटाला लागली. दर शनिवारी मी त्याच चाकांना हळदकुंकू लावते, पण कधी कळलं नाही.

तुम्ही हौसेनं छोटे स्प्रिंग लावून गाडी खाली बसवली, तेव्हापासून चाकं वरून आत झुकली, उजवं जरा जास्त. म्हणूनच गाडी डावीकडे ओढून राहिली. मशीनवर पाहिलं, झुकाव तांदळाच्या दाण्याएवढा, डोळ्याला दिसतही नाही. तेवढ्यानं चार महिन्यांत सारं रबर खाल्लं! माझे हात आपोआप जोडले गेले. भैयालालभाऊ हसले, “मशीन आहे जी, देव नाही.” नसेल, पण अजूनही अंगावर काटा आहे.

“तिरोड्यापर्यंतच तर जायचं हाय, चालून जाते,” असं तुम्ही म्हणाले. भाऊजी, माहेरून येताना मागच्या सीटवर तुमची नीतू आणि सव्वा महिन्याचं बाळ राहील.

किल्ली लपवली नाही, देवघरात आहे. आधी जुने स्प्रिंग आणि नवे टायर लावा, मग अलाइनमेंट. रागावू नका. डाळभात झाकून ठेवला आहे.

बाळाला मीच घरी आणीन, असा शब्द नीतूला दिला होता. तिच्या बाबांच्या जीपमधून आणते. माझी पूजा झाली, आता पहिली बस मिळेल. तुम्ही झोपले आहात, म्हणून दार हळूच ओढून निघते.

अंजूवहिनी